सिद्धार्थच्या स्पोर्ट्स कारले बाबांचा सल्ला

मंडळी, आज सकाळपासून एकटाच हसून राह्यलो.

माझा लहान भाऊ सिद्धार्थ कॅनडात असतो. त्यानं हौसेनं लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि तिकडे बर्फ पडायले लागला. काल गाडी घसरली म्हणे. सकाळी व्हिडिओ कॉलवर विचारे, "दादा, हिवाळ्याचे टायर कोणते टाकू?"

मी बोलायच्या आधीच बाबांनी फोन हिसकला. ऐंशीच्या दशकात बाबा नागभीडकडच्या शंकरपटात छकडा पळवत. बैलांच्या शर्यतीतली ती हलकी गाडी म्हणजे आमची स्पोर्ट्स कारच.

"चाकं रातभर तळ्या-बोडीच्या पाण्यात बुडवून ठेव," बाबा म्हणाले. "हिवाळ्यात लाकूड आकसते, मंग चाकावरची लोखंडी पट्टी, ती धाव, ढिली होते."

बाबांचा हा अनुभवच आहे. एका पटाच्या आधी ते चाकं भिजवायले विसरले. भर शर्यतीत चाकाची धाव निसटली आणि घरंगळत बैलांच्या पुढे जाऊन पहिली पोहोचली. बाबांनी बक्षीस मागितलं. पंचांनी दिलं नाई, तो राग अजून आहे.

सिद्धार्थ म्हणाला, "बाबा, इथी पाणीच गोठून राह्यलं."

बाबा म्हणाले, "इतक्या थंडीत जनावर बाहेर काऊन काढतोस मंग?"

कोणाले बर्फातल्या टायरांची माहिती असेल तर लवकर सांगा. बाबांनी पेटीतून बैलाची जुनी झूल काढली आहे आणि कॅनडाले पार्सल कसं पाठवतात ते विचारून राह्यले.