वाडी कुठली?

बागायतदाराच्या बायकोनं माझी वेणी सोडली. सगळ्या कामकरणींसमोर. केसांत बोटं घालून तिची हरवलेली सोन्याची चेन शोधली. मग माझा डबा पालथा केला. भात, सुकट, सगळं मातीत.

मी पंधरा वर्षांची. रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळच्या त्या बागेत सुट्टीत आईबरोबर आंब्याच्या पेट्या भरायला जायचे.

चेन मिळाली नाही. तरी जीप आली. ठाण्यात हवालदारानं मला फरशीवर बसवलं.

"वाडी कुठली?"

"बौद्धवाडी."

"मग बरोबर."

आई दाराबाहेर हात जोडून उभी. "माज्या पोरीन काय घेतलान नाय, सायब." तिला आत घेतलं नाही. संध्याकाळी बागायतदाराचा फोन आला. चेन त्यांच्याच न्हाणीघरात सापडली होती. हवालदार म्हणाला, "जा घरी. परत चोरी करू नको."

परत.

तो शब्द उराशी धरून मी वकिली शिकले. आता एलएलएम करते. विषय बाल न्याय. एकदा वर्गात सरांनी नियम वाचले. अल्पवयीन मुलांसमोर पोलिसांनी गणवेशात जायचं नाही. आईबापांना जवळ बसू द्यायचं. ठाण्यात डांबायचं नाही. बाकीचे लिहून घेत होते. माझा पेन हलेना. एकेक नियम माझ्या बाबतीत मोडला होता. इतकी वर्षं मी लाजत होते. लाजायचं त्यांनी होतं.

प्रबंधासाठी परवानगीचं पत्र घेऊन मी त्याच ठाण्यात गेले. तोच हवालदार, आता सहायक फौजदार. मला ओळखलं नाही. फरशीवर शाळेच्या कपड्यांत एक मुलगी. मोबाईल चोरल्याचा संशय.

तो हसला. "तुमच्या अभ्यासाला नमुना आहे बघा, मॅडम."

"तिला खुर्ची द्या," मी म्हणाले. "आणि कुणाच्या हुकमानं बसवलंय, ते लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही. मी लिहिलं. त्याचं नाव, वेळ, तो काय बोलला ते. एक प्रत बाल न्याय मंडळाला, एक त्याच्या साहेबांना. खाली माझीही हकिकत जोडली.

चौकशी लागली तसा तो आमच्या अंगणात आला. "ताई, निवृत्ती जवळ आली. मिटवा."

आई म्हणाली, "सोड गो बाय, म्हातारा झालाय."

मी म्हणाले, "नाही."

मला माफी नको. त्याला शिक्षा हवी. ती का झाली, ते त्याच्या घरात, त्याच्या पोरांना कळायला हवं. लोक याला सूड म्हणतील. म्हणू देत. मीही सूडच म्हणते.

बागायतदाराच्या बायकोविरुद्धचा अर्ज तयार आहे. उद्या देणार.