राहिलेलं एक खाचर

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. माझ्या मैत्रिणीला आषाढात पान लागलं ते आमच्या शेताच्या बांधावर, आमच्याच घरची लावणी करताना. पोलादपूरपासून दोन कोसांवर आमची वाडी, आणि मध्ये ओढा. त्या दिवशी ओढ्याला छातीच्या वर पाणी होतं. तिला डोलीत घालून चार बाप्ये अलीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत उभे राहिले. पाणी उतरलं तेव्हा तिला पलीकडे नेण्याचं कारण उरलं नव्हतं. एकोणीस वर्षांची होती. मार्गशीर्षात लग्न ठरलेलं, नवरा मुलगा मुंबईला गिरणीत. मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठी.

तिच्यासाठी रडून माझं कधीच झालं आहे. मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या लावणीबद्दल, कारण त्यात मी जी घोडचूक केली ती पुढे महाडला तीस वर्षं मास्तरकी केली तरी मला कुणाला नीट सांगता आली नाही.

तेव्हा आमच्यात लावणी सावडीने व्हायची. आज माझ्या शेतात सगळ्यांनी यायचं, उद्या तुझ्या. ज्याचं शेत त्याच्या घरची भाकरी, बाकी देणंघेणं काही नाही. त्या वर्षी आमची पाच घरांची सावड होती आणि तिच्या घरचा क्रम दुसरा होता. पण आमची एक मैत्रीण वाडीतच दिलेली, तिला दोन महिन्यांचं तान्हं. तर जी गेली तीच म्हणाली, "तिचं आधी उरकू, माझं काय पळून जातंय?" मग आणखी कुणाची अडचण निघाली, हिने त्यांनाही पुढे घातलं. असं करत करत तिचं शेवटी गेलं आणि आमचं चौथं आलं. चार घरांची शेतं हिरवी झाली, तिचं एकटं राहिलं.

बाराव्याला तिचा भाऊ मुंबईहून आला होता. जाताना म्हणाला, दसऱ्याला येतो आणि आईबाबांना कायमचं घेऊन जातो, घराला कुलूप लावू. काका, म्हणजे तिचे वडील, नुसते मान हलवत होते. "यंदा खाचर नाय लावायचं. पडू दे," एवढंच ते बोलले. वाडीतल्या जुन्या माणसांनीही त्याला मान डोलावली. काकी तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आपण होऊन उठत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. खाचर पडीक राहिलं असतं तर वर्षाचं भात गेलं असतं, आणि ती दोघं मुंबईला भावाच्या चाळीतल्या एका खोलीत जाऊन बसली असती. काकी तिथे पुढचा पावसाळासुद्धा बघणार नाही, असं माझी आई चुलीपाशी हळू आवाजात म्हणाली.

आमच्या ओटीवरून ते खाचर दिसायचं. बाजूला सगळीकडे लावणी झालेली आणि मध्ये नुसतं गढूळ पाणी. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आमचं शेत लावता लावता ती गेली, आणि तिचं पडीक राहणार! दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला लाज वाटत होती. चौदाव्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. आईने विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "काका-काकीला उद्या भात लागेल तवा लोकांकडेच बघू." मी तेव्हाही तोंडाळच होते. वडिलांनी बैल सोडले आणि आमच्या पुढे चालू लागले.

आम्ही तिघी होतो. मी, ती तान्ह्या पोरीची आई आणि आमच्यातली सगळ्यात धाकटी, सोळा वर्षांची, जिचा आवाज वर्षातून दोनदा ऐकू यायचा. तान्ही पोर बांधावर पानांच्या इरल्याखाली झोपवली. वडिलांनी चिखल करायला घेतला आणि आम्ही रोप काढायला वाफ्यांकडे गेलो.

इथे माझी चूक झाली. वाफे दोन होते. एकात हळवं भात, जे लवकर पिकतं आणि वरच्या उताराच्या शेतात लावतात, कारण तिथे पाणी लवकर आटतं. दुसऱ्यात गरवं, दिवाळीनंतर पिकणारं, ते खालच्या पाणथळ खाचरात. रोपं कोवळी असताना नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण, म्हणून प्रत्येक घर वाफ्यावर आपली काही खूण ठेवतं. तिच्या घरची खूण पावसात वाहून गेली होती. तान्ह्याची आई म्हणाली, "काकीला विचारून येऊ."

"नाय," मी म्हटलं. "तिला आता काय विचारायचं? मला ठावं हाय. आंब्याकडचं गरवं."

गेल्या वर्षी आंब्याकडे गरवं होतं. या वर्षी त्यांनी वाफे बदलले होते, हे मला कुठून ठाऊक असणार? पण मी इतकी ठासून बोलले की पुढे कुणी काही म्हटलं नाही. रोप आधीच जुनं झालेलं, उगाच वेळ घालवायचा नव्हता. जुनं रोप फुटत नाही, म्हणून चार-चार काड्यांचा चूड धरून दाट लावायचं ठरवलं आणि वाकलो.

पहिला तास कुणी बोललं नाही. लावणी मुक्याने करायची सवय आम्हाला नव्हती. तिच्यासोबत तर कधीच नाही. ती बेसूर गायची आणि सगळ्यांत मोठ्याने गायची. शेवटी तान्ह्याची आईच म्हणाली, "ती यष्टीत कोंबडा घेऊन चढली ते आठवतंय?"

मी म्हटलं, "कोंबडी होती."

"कोंबडा. मी शेजारी बसली होती."

पोलादपूरच्या बाजारातून येताना टोपलीत पक्षी बघून कंडक्टरने तिला अडवलं होतं. म्हणाला, याचंही तिकीट काढ. ती म्हणाली, "काढते. मग त्याला बसायला जागा द्या, खिडकीपाशी." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला, आणि पक्षी फुकट आला. तो कोंबडा होता की कोंबडी, यावर आम्ही दोघी अर्धं खाचर भांडलो. धाकटी म्हणाली, "बदक व्हता." एवढंच. खोटं सांगत होती हे आम्हाला कळलं, आणि आम्ही हसलो. मैत्रिणीच्या मरणानंतर आम्ही पहिल्यांदा हसलो ते असं, गुडघाभर चिखलात. हसू आल्याचं मला वाईट वाटलं नाही.

मग थांबलोच नाही. महाडला मामाकडे जाऊन ती एकदा तंबूतला सिनेमा बघून आली होती. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी तिने अंगणात तो सगळ्यांचे आवाज काढून दाखवला. घोडासुद्धा तीच, आणि खलनायकाच्या मिशीला कणसाचे केस. दर खेपेला शेवट नवा. ती असतानाच, दोन वर्षांनी, तोच सिनेमा मी पाहिला तेव्हा कळलं की त्यातली बाई शेवटी मरते. हिच्या अंगणात ती एकदाही मेली नव्हती. ते मी त्या दिवशी सांगितलं, तेव्हा तान्ह्याच्या आईने गोष्ट आपल्याकडे घेतली. तिला कळा येत होत्या तेव्हा ही दाराबाहेर बसून सुईणीची नक्कल करत होती, म्हणे. "पोर हसताना झालीय माझी," ती म्हणाली. "सुईन तिला झाडू घेऊन मारायला धावली."

धाकटीला आम्ही विचारलं, तुला काय आठवतं? तिने हातातला चूड लावला, कंबर सरळ केली आणि शीळ घातली. आमच्याकडे मुलीने शीळ घालणं म्हणजे काय, ते सांगायला नको. हिने ती धाकटीला गुपचूप शिकवली होती, गुरांमागे असताना. पावसाने ओठ ओले, तरी शीळ अशी लांब गेली की पलीकडच्या वाटेवरून जाणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला. मी म्हटलं, "आनखी घाल." तिने घातली.

दोन दिवसांत खालचं खाचर आणि वरचा तुकडा दोन्ही लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका बांधावर येऊन उभे राहिले. लावलेलं बघितलं आणि परत गेले. काकी आली नाही. आम्ही मात्र ठरवलं होतं की निंदणीपासून पाखरं हाकण्यापर्यंत सगळं आम्हीच बघायचं.

श्रावण गेला. गौरी गेल्या. आणि एका सकाळी खालचं खाचर निसवलेलं दिसलं, म्हणजे कणसं बाहेर पडू लागलेली. गरवं इतक्या लवकर निसवत नाही. मी बांधावरच बसले. खाली गुडघ्याला टेकणाऱ्या पाण्यात हळवं, आणि वर, जिथलं पाणी महिन्याभरात आटणार, तिथे गरवं. खालचं पिकून पाण्यात झडणार, वरचं दाणा भरायच्या आधी वाळणार. सगळं उलटं, आणि सगळं माझ्या एका 'ठावं हाय'मुळे.

तान्ह्याची आई मला टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तीन आठवडे आम्ही तिघींनी ती गोष्ट लपवली. मी वडिलांनाही सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं असणारच. भीती एकच होती. भावाला दसऱ्याला एवढंच दिसेल की शेत बुडालं, आणि तो म्हणेल, चला.

घटस्थापना झाली. सगळं खोरं हिरवं आणि मध्ये तेवढं एक खाचर पिवळं. ते झाकणार कसं? काकीला ते दारातून दिसलं. आम्ही पाखरं हाकत होतो आणि ती उतरणीवरून खाली येताना दिसली. खूप बारीक झाली होती. बांधावर थांबली, एक लोंबी तोडली, दाणा दाताखाली धरून बघितला.

"हे हळवं हाय."

तिने मान वळवून वरच्या तुकड्याकडे बघितलं.

"खाचरात हळवं? पान्यात उभं ऱ्हावून कापनार कोन हे? नि वरती गरवं लावलंत, त्याला पानी तुमचा बा घालनार? कोनाचं डोकं?"

"माझं," मी म्हटलं.

"शाळा शिकलीस ना गो तू?"

मी म्हटलं, "काकी, तुला तरास नको म्हनून नाय इचारलं."

तिने माझ्याकडे बघितलं. अडीच महिन्यांत तिने कुणाकडे असं बघितलं नव्हतं. "पोरगी गेली माझी," ती म्हणाली. "मी नाय गेले. मला इचारायचं होतंत."

मला त्या शब्दांनी जेवढं लागलं तेवढं पुढे आयुष्यात कुणाच्याच बोलण्याने लागलं नाही. आम्ही तिला भिंतीकडे निजवून ठेवलं होतं, आम्हीच, मायेने. मी तिच्या पायांशी वाकले तर तिने हात झटकला आणि विळा मागितला.

त्याच दिवशी ती पाण्यात उतरली. लोंब्या वरच्या वर धरून कापायच्या आणि पाण्याला लागू न देता डोईवरून बाहेर काढायच्या. आम्ही तिघी, वडील आणि तिसऱ्या दिवशी काका. निम्मं हाताला लागलं, निम्मं झडलं. मग तिने आम्हाला वर नेलं. ओढ्याला वरच्या अंगाला बांध घालून गरव्यापर्यंत पाट खणायचा, असं तिने ठरवलं. कोणी कुठे खणायचं तेही तीच सांगत होती. चुकलं की ओरडत होती. धाकटीला म्हणाली, "शीळ घालायला तोंड हाय, फावडं मारायला हात नायत?" म्हणजे घरात पडल्या पडल्या तिने ते ऐकलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ आला. स्वच्छ पँट, हातात पिशवी. घरी कुणी नाही म्हणून विचारत विचारत वर आला. पाट अजून पंचवीस-तीस हात राहिला होता. काकी मांड्यांपर्यंत मातीत होती.

"आये," तो म्हणाला, "तयारी नाय केलीस?"

तिने मान वर केली नाही. "पोरींनी वाकडं लावलंय," ती म्हणाली, "पन लावलंय. आता त्यांचं लावलेलं टाकून मी कुठं येऊ?"

त्याने जरा वेळ आमच्याकडे बघितलं, मग पिशवी बांधावर ठेवली आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं.