बिनचेहऱ्याचा फ्लेक्स

मला लिहायची सवय नाही. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यानं सोडून द्यावं. पण लोहाऱ्यातल्या ईरण्णाबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटत होतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसेना.

ईरण्णाचं स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं कूलर आहे, म्हणून दुपारी मी जाऊन बसतो. पंधरा वर्षांत त्यानं तालुक्यातला एकही माणूस काळा राहू दिलेला नाही. वाढदिवस असो की दहावा, माणूस गोरा करायचा, मागं सूर्याची किरणं सोडायची, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे ओळीनं बसवायचे. तिसाव्याचा कान कापला गेला तरी तो भांडायला येतो.

मार्चअखेर गजराबाई आल्या. निवृत्त नर्स, गावातल्या अकरा ख्रिस्ती घरांचं प्रार्थनामंदिर त्याच सांभाळतात.

"ईस्टरचा बोर्ड पाहिजे, ईरण्णा. येशू मरणातून उठला त्या दिवसाचा. क्रूस रिकामा दाखव. आणि फोटो कुणाचाच नको."

"कुणाचाच न्हाय? मग मावशी, म्या करू काय?"

"तुला सुचेल ते कर."

असं त्याला कधीच कुणी म्हटलं नव्हतं. दोन दिवस तो हरवल्यासारखा होता. मग रानातून बाभळीची साल आणून त्यानं स्कॅनरवर ठेवली. काचेला ओरखडा पडला, त्याची त्याला फिकीर नव्हती. भेगाळलेल्या काळ्या जमिनीचे फोटो काढून आणले. कॉम्प्युटरवर सालीचा क्रूस उभा राहिला, त्याच्या पायाशी भेगा, आणि एका भेगेतून हरळीचा हिरवा कोंभ. किरणं सोडायला हात गेला होता, तो त्यानं मागं घेतला.

"कसं झालंय, काका?"

मला चित्रातलं कळत नाही. सालीवरून बोट फिरवून बघावं म्हणून हात पुढं केला, तर तो स्क्रीनला लागला.

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"एक तरी बोर्ड असाच लागाय पाहिजे, काका. कुणाचं तोंड न चिकटवता." एवढं बोलून तो उगाच माऊस पुसायला लागला.

अडचण गावचे पुढारी हणमंतप्पा यांची होती. चौकातला लोखंडी सांगाडा त्यांचा. त्यावर बोर्ड कुणाचाही लागो, अप्पांचा फोटो असतोच. ते पाहायला आले तेव्हा गजराबाईही दुकानात होत्या.

"हे अर्धंच झालंय व्हय रं? ह्यात माणूस कुठाय?"

"येशू उठून गेला, अप्पा," गजराबाई म्हणाल्या. "म्हणून रिकामा."

"मग जागा हाय की! ईरण्णा, माझा फोटो टाक. न्हायतर सांगाडा मिळायचा न्हाय."

ईरण्णानं आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्यानं मुकाट्यानं अप्पांचा नेहमीचा फोटो उघडला: पांढरा कुर्ता, दोन्ही हात पसरून जनतेला अभिवादन. मोकळी जागा मध्ये असेल तर साहेब मध्ये, हा दुकानाचा पंधरा वर्षांचा रिवाज. त्यानं फोटो मध्ये सोडला. अप्पांचे हात क्रूसाच्या दोन्ही फांद्यांवर अगदी मापात बसले.

अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"काढ! काढ आधी! मला टांगतो व्हय रं?"

"मग खाली घेऊ का अप्पा, भेगांत?" ईरण्णानं मनापासून विचारलं.

"कुठंच नको!" म्हणत अप्पा पायऱ्या उतरले. गजराबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आन् सांगाडा, अप्पा?" त्यांनी मागून विचारलं.

"घ्या की! फकस्त माझं नावबी घालू नका त्यावर!"

बोर्ड लागला. खाली दुकानाचा मोबाईल नंबर असतो, तोही ईरण्णानं काढला. ईस्टरच्या सकाळी लोक चौकात थांबून चेहरा शोधत होते. दोघांनी मला विचारलं, कोण वारलं? मी म्हणालो, उलट झालंय.

आठवड्यानं सांगाड्यावर पुन्हा वाढदिवस आला. जुने फ्लेक्स आमच्याकडं कडबा नाहीतर खोपटं झाकायला जातात. ईरण्णा मला घेऊन गजराबाईंच्या घराकडं गेला, पण आत जाईना, कुंपणापाशीच थांबला. अंगणात शेळ्यांच्या खोपटावर हणमंतप्पांचा गेल्या सालचा वाढदिवस पसरला होता, तोंड वर करून. उन्हानं एक गाल उडाला होता. ईरण्णाचा फ्लेक्स शेजारच्या कडब्याच्या गंजीवर होता, पण वर नुसती पांढरी बाजू.

"पालथा का घातला, मावशी?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"उन्हानं रंग जाईल की रं," गजराबाई म्हणाल्या. "पुढच्या ईस्टरला हाच लावायचाय."