अहमदपूरच्या पुढं दाजींनी खाल्लेली अळंबी

निलंग्याला मावशीच्या घरभरणीला मी, आक्का आणि दाजी एसटीनंच जाणार होतो. पण दाजी म्हणाले, "कार काढ, वाटेत झाडं बघू." दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. नांदेडला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळं त्यांच्यासोबत कुठंच वेळेत पोचता येत नाही.

रस्ता बरा आहे. अहमदपूरच्या स्टँडजवळ भजी-चहा जरूर घ्या. आम्ही पुढं दाजींच्या मित्राच्या शेतात जेवायला थांबलो. गोठ्यामागं शेणखतावर पिवळसर अळंबी उगवली होती. दाजींनी खुडली.

मित्र म्हणाला, "सर, आम्ही ही खात न्हाई."

"म्हणून तर चव माहीत न्हाई," म्हणत दाजींनी लसूण-तिखटावर परतून एकट्यानंच खाल्ली. उरलेली कच्चीच मावशीसाठी डब्यात घेतली.

वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगणारे दाजी चाकूर यायच्या आत गप्प झाले. आक्काला तिथंच शंका आली. मग ते हसायला लागले. "सोयाबीन श्वास घेऊन राहिलंय बघ." पण थोड्याच वेळात हसू गेलं. आक्काचा हात घट्ट धरून म्हणाले, "मी परत नीट होईन ना गं?" मी गाडी थेट लातूरच्या एका दवाखान्यात नेली.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी जोरात, बीपी वाढलेलं. डब्यातल्या अळंबीचा देठ दाबला, तर तो निळसर झाला.

"भ्रम आणणारी दिसतेय," त्या म्हणाल्या. "पण दिसण्यावर विसंबायचं नाही. जीवघेणी अळंबी यकृत खराब करते आणि लक्षणं उशिरा दाखवते." त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं.

"उलटी काढायची न्हाई?" आक्कानं विचारलं.

"नाही. शांत खोली आणि ओळखीचा आवाज, एवढंच. तुम्ही बोलत राहा."

पडदे ओढले. आक्का उशाशी बसली.

"भिंत हलून राहिली," दाजी म्हणाले.

"हलू द्या. आपली न्हाई ती."

मध्येच ते घाबरून उठून पळायला लागले, तेव्हा घबराट कमी करायचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत भ्रम उतरला. तरी मुक्कामी ठेवून घेतलं. सकाळी रक्त पुन्हा तपासलं, यकृत ठीक होतं. तेव्हा कुठं आक्का रडली.

निलंग्याला पोचलो तेव्हा मांडव उतरला होता. मावशीनं पुरणपोळ्या ठेवल्या होत्या. दाजींनी त्यासुद्धा विचारून खाल्ल्या.

तुम्ही या वाटेनं गेलात तर अळंबीचे फोटो काढा, तोंडात घालू नका. कुणी खाल्लीच, तर उरलेली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

नांदेडला परतल्यावर मी दाजींना विचारलं, काय आठवतं? ते म्हणाले, "सगळं हलत होतं. तुझ्या आक्काचा आवाज तेवढा जागेवर होता."

आक्का आतून म्हणाली, "मग त्याच आवाजात सांगते, दूध संपलंय."

दाजी पिशवी घेऊन मुकाट निघाले.