अकराव्या पॅकेजचा सोर्स

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी लपवत नाही, मिरवतो. नोकरीवरून आर्णीला घरी आलो की लिनक्सच्या एका डिस्ट्रोसाठी, म्हणजे संगणकावर टाकायच्या एका मोफत प्रणालीसाठी, सॉफ्टवेअरची पॅकेजं बिनपगारी करायचो. ही डिस्ट्रो जगभरातले लोक मिळून चालवतात. कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे बिल्ड; माझं 'बिल्ड झालं, बिल्ड फेल' ऐकून आई शेजारणींना सांगायची, "पोरगं बांधकामात हाये."

मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर मला त्या डिस्ट्रोत न्यायचं होतं. ते नीट गेलं असतं तर पुढची पॅकेजं कुणाच्या तपासणीशिवाय स्वतः चढवायचा हक्क मिळणार होता. पण ते बिल्ड व्हायला आणखी अकरा छोटी सॉफ्टवेअरं लागत. तिथल्या बिल्डच्या मशीनला इंटरनेट नसतं, ऐनवेळी बाहेरून काही ओढता येत नाही. लागेल ते सगळं आधी डिस्ट्रोत पाहिजे, आणि तेही सोर्ससकट, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा मूळ कोडसकट. दहा मी वर्षभरात एकेक करून नेली. अकरावं माझ्या मित्रानं लिहिलेलं होतं. तो उमरखेडचा, कॉलेजात तीन वर्षं माझ्याच खोलीत राहिलेला.

"सोर्स पाठोतो ना बे," तो फोनवर म्हणाला. "तू कायले टेन्शन घेऊन राह्यला?"

बाकी दहांची ओळ न ओळ मी वाचली होती. याची नाही. आपला माणूस, त्याचं काय तपासायचं? डिस्ट्रोच्या तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, सगळं सोर्सपासून बिल्ड केलंय का? मी 'हो' लिहून सही केली.

आठ दिवसांनी त्यांनीच दाखवलं. चाचण्यांच्या फोल्डरात आधीच बिल्ड केलेली, माणसाला वाचता न येणारी एक फाइल दडवलेली होती. खरं काम तीच करत होती, बाकी सोर्स नुसता देखावा.

मी मित्राला फोन लावला.

"आमच्या कंपनीले लिहून देल्लं मी. सोर्स बाहेर देता येत नाही."

"मग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू घेतलं असतं का?" तो हसला. "अन् तू माझं कुठं उघडून पायतं. मले माहीत होतं."

कंपनीचं मी समजून घेतलं असतं. त्याचं हे शेवटचं वाक्य मात्र समजून घेता आलं नाही.

बाईंना उत्तर लिहिताना त्याचं नाव टाकावंसं फार वाटलं. पण सही माझी होती. 'मी न वाचता हो म्हणालो' एवढंच लिहिलं. अकरावं पॅकेज काढलं गेलं, मराठीचं सॉफ्टवेअर अडलं, हक्काचा माझा अर्ज बंद झाला. त्या दहांत काही बदल असला तर आता चढवायचा हक्क असलेल्या दुसऱ्याकडं पाठवतो. तो अनोळखी माणूस माझं सगळं उघडून पाहतो. बरोबरच करतो, पण मला ते अजून सहन होत नाही.