झाडाखालच्या बारा फुटांचं माप

टेपमावशींनी एकतीस वर्षांत कागदी कटिंग काढल्याशिवाय कापडाला कात्री लावली नव्हती. गळ्यात मोजपट्टी कायम, म्हणून सगळे टेपमावशी म्हणायचे. खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं. तळमजल्याच्या खिडकीत त्यांचं मशीन, आणि खिडकीबाहेर कुंपणालगत जमिनीचा पट्टा. त्याच्या उन्हातल्या टोकाला सदाफुली आणि कोरफड कुणी न विचारता माजली होती. उरलेले बारा फूट मोठ्या झाडाखाली. तिथं गवताची काडी उगवत नव्हती आणि त्याच बारा फुटांवर सोसायटीचा डोळा होता.

"उन्हात स्कूटरची सीट तापते हो मावशी," सेक्रेटरी म्हणाले. "झाडाखाली फरशी घातली की सगळ्यांची सोय."

"आणि सकाळ-संध्याकाळ धूर माझ्या खिडकीत. मी शिवू की खोकू?"

"मग तिथं काही जगवून दाखवा. उन्हाळा संपला की बघायला येतो. हिरवं दिसलं तर ठेवू, नाहीतर फरशी."

पुढच्याच रविवारी मावशींनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून बारा फुटांचा कागद केला, जमिनीवर अंथरला आणि कडांवर दगड ठेवले. आठला, दहाला, बाराला, दोनला सावलीची कड खडूनं आखली. थंडी सरत होती. झाडावर तेव्हा एक पान नव्हतं, पण मावशींची नजर कागदावर. कागदाप्रमाणे सावली बुंध्याशी जेमतेम तीन फूट, बाकी ऊन.

ती गुंडाळी काखेत मारून त्या नर्सरीत गेल्या.

"लोक फोटो आणतात," नर्सरीवाला म्हणाला. "तुम्ही तर बागेचा ब्लाउजच बेतून आणलात."

"बेतलेलं बरं असतं. बुंध्याशी चिवट काहीतरी द्या, बाकी सगळीकडे शेवंती आणि सदाफुली."

महिन्याभरात झाडाला पालवी फुटली आणि बघता बघता बाराच्या बारा फुटांवर गर्द सावली पडली. सदाफुली उजेड शोधत उंच, फिकट झाली. फूल नाही. शेवंतीनं मान टाकली. मावशी रोज तांब्याभर पाणी घालत होत्या, तरी संध्याकाळी माती कोरडीठाक. झाडाची वरवरची मुळं सगळं पिऊन मोकळी.

वरच्या मजल्यावर मावशींच्या मोठ्या जाऊबाई राहायच्या. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्यांनी निकाल दिला. "अगं, उपाशी गिऱ्हाइकाचं माप घेतलंस तू. आता ते जेवलं, तर कपडा बसेल कसा?"

मावशींना झोंबलं, कारण खरं होतं. रात्रभर मोठ्या जाऊबाईंना मनातल्या मनात उत्तरं देऊन झाली. सकाळी त्यांनी खुरपं घेतलं. चुकलेली शिवण ओढून ताणून सरळ होत नाही. ती उसवायची. गुडघे कुरकुरत असताना त्यांनी एकेक रोप काढलं आणि उन्हाच्या टोकाला नेऊन लावलं. मग पानांनी भरलेल्या झाडाखाली नवा कागद अंथरला. या खेपेला उन्हाचे दोनच कवडसे सापडले, तळहाताएवढे.

"आता कोरड्या सावलीतलं द्या," त्या नर्सरीवाल्याला म्हणाल्या. "फुलाचा हट्ट नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं पाहिजे."

त्यानं स्नेक प्लांट दिलं, स्पायडर प्लांट दिलं आणि पानं खालून जांभळी असलेला ऱ्हिओ. "लहान रोपंच न्या. मोठ्या रोपाला मोठा खड्डा लागतो, तिथं मुळं तुटतात. दोन मुळांमधली फट शोधा. आणि रोजचे शिंतोडे बंद. आठवड्यातून एकदा, पण पोटभर. वर वाळक्या पानांचा थर घाला."

मावशींनी तसंच केलं. बावीस रोपं, बावीस फटी. रोप रोज पाणी मागतंय असं वाटायचं, तेव्हा त्या हात मागे बांधून उभ्या राहायच्या. जाऊबाईंना कळवळा आला, त्यांनी वरून बादली कलंडली. "जाऊबाई, तुमच्या मायेनं कुजेल ते," मावशींनी तिथूनच सांगितलं. जाऊबाई बादली उचलून तरातरा आत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कुंडीतल्या स्नेक प्लांटचे तीन फुटवे खाली पाठवले.

उन्हाळा संपला आणि सेक्रेटरी फरशीवाल्याला घेऊन हजर झाले. फरशीवाल्यानं माप घ्यायला वाकून पाहिलं आणि तसाच थांबला.

"साहेब, पाय कुठं ठेवू? सगळीकडे झाडं आहेत."

सेक्रेटरींनी टोकापासून टोकापर्यंत चालत मोजलं. "एकवीस. पण मावशी, फूल एकही नाही."

"उन्हातल्याकडून फूल मागावं, सावलीतल्याकडून पान. तुम्ही हिरवं म्हणाला होतात, रंगीत नव्हे."

"ते खरं." त्यांनी बुंध्याजवळच्या काही मोकळ्या जागांकडे बोट केलं. "आणि या चार?"

"ही चार मेली. तिथली माती फारच उथळ आहे." मावशी खुरपं टेकवून उठल्या. "तिथं काय तगतं ते मला अजून ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं लावते."

सेक्रेटरींनी फरशीवाल्याकडे पाहिलं. "स्कूटरींना आहेत तिथंच उन्हात पत्र्याचं छप्पर करायचं, तर किती जागा लागेल हो?"

फरशीवाला मोजायला पलीकडे गेला. मावशी गुडघे धरून पुन्हा खाली बसल्या आणि पहिल्या मोकळ्या जागेतली माती बोटांनी उकरून, फट कुठं आहे ते चाचपू लागल्या.