लाल ढिगातला नारिंगी

आप्पा एकेक पुडी फोडून रेझिस्टर स्टीलच्या ताटात ओतत होते. मटार सोलावेत तसे निवांत...

आप्पा माझे सासरे. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. पुन्हा काहीतरी सर्किट जोडून बघायची हुक्की आली, म्हणून सकाळीच आम्ही तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सुरुवातीचं सामान आणलं होतं. रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, सोल्डरिंगचं साहित्य...

रेझिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारी, तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. अंगावर रंगीत पट्टे, त्यांवरून तो किती ओहमचा ते कळतं. दुकानदाराने प्रत्येक पुडीवर आकडा लिहून दिला होता. वर म्हणाला, "काका, पुड्या एकत्र करू नका."

"मी टेलिफोनमध्ये होतो," आप्पा म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय."

ते त्यांना लागलं असावं. पुडीवरचा आकडा बघायचा तो नवशिक्याने... त्यांच्या खात्यात सगळे रंगच वाचत.

ताटातून ते ढीग करू लागले. मी समोर मेथी निवडत होते. लाल पट्ट्याच्या ढिगात मला नारिंगी दिसला. मग आणखी बरेच... आप्पा खिडकीकडे सरकले. चष्मा पुसला. हात थांबला.

"हल्ली रंगच फिके देतात," म्हणाले.

मोतीबिंदू आहे हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. ऑपरेशनचा विषय काढला की आप्पा मोठ्याने पेपर वाचून दाखवतात. आता मी काही बोलले असते तर सगळं सामान माळ्यावर गेलं असतं. पुन्हा खाली न येण्यासाठी...

मी खुर्ची जवळ ओढली. "आप्पा, मला शिकवा ना. मी रंग सांगते, तुम्ही आकडा सांगा."

"मराठीच्या एम. ए.ला हे लागतं वाटतं?"

"तपकिरी, काळा, लाल," मी म्हटलं.

"वन के. म्हणजे हजार ओहम."

"पिवळा, जांभळा, लाल."

"फोर पॉइंट सेव्हन के." त्यांना विचारही करावा लागत नव्हता...

मेथी तशीच राहिली. पुड्या पुन्हा भरत गेल्या. मध्येच आप्पांनी स्वतः लावलेल्या ढिगातला एक उचलून माझ्यासमोर धरला.

"हा?"

"तपकिरी, काळा, नारिंगी."

"नारिंगी? नक्की?"

"हो आप्पा."

त्यांनी तो दाणा दुसऱ्या पुडीत टाकला. "मग हा टेन के. मी वन केमध्ये टाकला होता. दहापट चूक झाली गं."

त्यांनी आपणहून विचारलं, याचंच मला बरं वाटलं... मी पुढचा रेझिस्टर उचलला आणि रंग सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच आप्पांनी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. दवाखाना उघडला नव्हता. त्यांनी थोडं थांबून पुन्हा लावला.